संशयाचा फायदा: ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आणि आपलं कोर्ट

‘संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता’ अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो: सुटला! वकिलाने कुठलं तरी खुसपट काढलं आणि गुन्हेगार मोकळा झाला. हा संशय येतो कुठून, किती असावा लागतो, तो कोणी दाखवायचा आणि कोणाला पटावा लागतो, हे आपल्याला कोणी बसवून सांगितलेलं नसतं. मला ते सगळ्यांत नीट उलगडून दाखवलं ते एका सिनेमाने. सिडनी ल्युमेटचा 1957 सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. 96 मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट, आणि सुरुवात-शेवटाची काही मिनिटं सोडली तर सगळा न्यूयॉर्कच्या कोर्टातल्या एका खोलीत. खून दिसत नाही, साक्षीदार दिसत नाहीत, वकील कामकाज चालवताना दिसत नाहीत. आरोपी दिसतो तो ओझरता, एकदाच.

लेखक रेजिनाल्ड रोझ स्वतः न्यूयॉर्कमध्ये एका सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरीवर, म्हणजे निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळावर, बसले होते. त्या अनुभवावरून त्यांनी टेलिव्हिजनसाठी नाटक लिहिलं, ते सप्टेंबर 1954 मध्ये सीबीएसवर थेट प्रक्षेपित झालं. पुढे हेन्री फोंडा आणि रोझ यांनी मिळून त्याचा चित्रपट केला. ल्युमेटचा तो पहिलाच चित्रपट. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळालं.

सुरुवातीलाच न्यायाधीश ज्यूरीला सूचना देतात. आवाज कंटाळलेला, रोजचंच पाठ केलेलं म्हटल्यासारखा. पण पुढचा सगळा सिनेमा त्या दोन मिनिटांवर उभा आहे, म्हणून ती सूचना नीट ऐकावी. आरोप खुनाचा, आरोपी अठरा वर्षांचा मुलगा, मेलेला माणूस त्याचा बाप. तुमच्या मनात वाजवी संशय असेल तर ‘दोषी नाही’ असा निर्णय द्या. नसेल तर ‘दोषी’ म्हणा. काहीही झालं तरी बाराही जणांचं एकमत हवं. दोषी ठरला तर मृत्युदंड अटळ आहे, दयेची शिफारस करता येणार नाही.

या सूचनेत ‘खून कोणी केला ते शोधा’ असं कुठेही नाही. ‘मुलगा निरपराध आहे का ते ठरवा’ असंही नाही. ज्यूरीपुढचा प्रश्न एकच: सरकार पक्षाने आपलं म्हणणं वाजवी संशयापलीकडे सिद्ध केलं आहे का? खोलीतल्या अकरा जणांना हा फरक कळलेलाच नसतो. पहिल्याच मतदानात अकरा हात ‘दोषी’साठी वर जातात, आणि आठव्या क्रमांकाचा ज्युरर, म्हणजे फोंडा, एकटा विरोधात उरतो. बाकीचे विचारतात, तुला खरंच वाटतं का तो निर्दोष आहे म्हणून? तो म्हणतो, मला माहीत नाही. एका पोराचा जीव पाच मिनिटांत निकालात काढण्याआधी थोडं बोलावं, एवढंच त्याचं मागणं.

हा नायक ‘माहीत नाही’ म्हणतो, आणि शेवटपर्यंत त्याच्यापाशी खऱ्या खुन्याचं नाव नसतं. हिंदी सिनेमातलं कोर्ट याच्या अगदी उलट चालतं: शेवटच्या रिळात दार उघडून नवा साक्षीदार येतो किंवा खरा गुन्हेगार पिंजऱ्यात कोसळून कबुली देतो. तिथे सत्य सापडतं म्हणून आरोपी सुटतो. इथे सत्य सापडतच नाही, तरी आरोपी सुटतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असतं.

सरकार पक्षाकडे तीन भक्कम खांब आहेत. चाकू, खालच्या मजल्यावरचा म्हातारा आणि रेल्वेमार्गापलीकडच्या इमारतीतली बाई. शिवाय मुलाचा बचाव लंगडा: खुनाच्या वेळी सिनेमाला गेलो होतो म्हणतो, पण कोणता सिनेमा पाहिला ते पोलिसांना त्या रात्री सांगता आलं नाही.

चाकू खटक्याचा आहे, मुठीवर नक्षी. असा चाकू दुकानात एकच होता असं विकणाऱ्याने सांगितलंय. मुलाने तो त्याच संध्याकाळी घेतल्याचंही कबूल केलंय. खिशाला भोक होतं, त्यातून पडला, असं तो म्हणतो. चौथा ज्युरर हा मुद्देमाल खोलीत मागवतो, टेबलात रोवतो आणि विचारतो, असा दुसरा चाकू असणं शक्य तरी आहे का? फोंडा उठतो, खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढतो आणि शेजारी रोवतो. आदल्या रात्री त्या मुलाच्याच वस्तीतल्या गहाणवटीच्या दुकानात सहा डॉलरला घेतलेला.

प्रसंग नाट्यमय आहे, पण त्यातून सिद्ध काय होतं ते थंड डोक्याने बघायला हवं. मुलाचा चाकू खिशातून पडला, हे सिद्ध होत नाही. कोण्या दुसऱ्याने खून केला, हेही नाही. फक्त ‘असा चाकू दुसरा नाहीच’ हे विधान पडतं. पण चाकूच्या पुराव्याचं सगळं वजन त्या एकमेवपणातच होतं. चाकू एकमेव असेल तर तो थेट मुलाकडे बोट दाखवतो; कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असेल तर तो वस्तीतल्या कोणाकडेही बोट दाखवू शकतो. संशय असाच चालतो. पुरावा नाहीसा होत नाही, त्याचा जोर उतरतो. किती उतरला हे ठरवणं मात्र यंत्राच्या हाती नाही, माणसांच्या हाती आहे.

सिनेमातला सर्वांत कसदार भाग आगगाडीच्या हिशेबाचा आहे. म्हातारा सांगतो: वरच्या खोलीतून ‘मी तुला मारून टाकीन’ असा मुलाचा आवाज ऐकला आणि एका सेकंदात शरीर जमिनीवर आपटल्याचा धप्प आवाज आला. बाई सांगते: उन्नत मार्गावरून गाडी जात होती, तिच्या शेवटच्या दोन डब्यांच्या खिडक्यांतून मी खून होताना पाहिला. दोन्ही साक्षी वेगवेगळ्या वाचल्या तर ठाम आहेत. सरकारी वकिलाने त्या तशाच, एकापुढे एक, मांडल्या. फोंडा त्या एकत्र ठेवतो. सहा डब्यांची गाडी एका ठिकाणाहून पुढे जायला साधारण दहा सेकंद लागतात. बाईने शेवटच्या दोन डब्यांतून पाहिलं, म्हणजे बाप कोसळला तेव्हा गाडीचा बहुतेक भाग म्हाताऱ्याच्या उघड्या खिडकीवरून धडधडत गेलेला होता आणि उरलेला जात होता. त्या गोंगाटात वरच्या खोलीतला आवाज ऐकू येईल? आलाच, तर तो कोणाचा हे ओळखू येईल? बाई खरी असेल तर म्हाताऱ्याचं ऐकणं डळमळतं. म्हातारा खरा असेल तर त्या क्षणी गाडी जात नव्हती, मग बाईची साक्ष डळमळते. सरकार पक्षाला तर दोन्ही साक्षी खऱ्या हव्यात.

हा संशय आरोपीने आणलेला नाही. त्यासाठी बचावाने एक साक्षीदार उभा केला नाही, एक कागद दिला नाही. सरकार पक्षाच्याच दोन पुराव्यांच्या घर्षणातून तो निघाला. आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो, असं आपण नुसतं ऐकतो; त्याचा व्यवहारातला अर्थ हा आहे. आरोपीने तोंड उघडलं नाही तरी चालतं, सरकार पक्षाची बांधणी तिच्या स्वतःच्या वजनाखाली टिकली पाहिजे.

मग म्हाताऱ्याची धाव. तो म्हणतो, धप्प आवाज झाल्यावर मी पलंगावरून उठून पंधरा सेकंदांत दारापाशी पोचलो आणि मुलगा जिन्यावरून पळताना दिसला. पण त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, एक पाय ओढत चालतो. घराचा नकाशा मागवला जातो. पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत बारा फूट, पुढे बोळ त्रेचाळीस फूट. फोंडा खोलीत तेवढं अंतर आखतो, पाय ओढत चालून दाखवतो, दुसरा ज्युरर घड्याळ धरतो. एक्केचाळीस सेकंद. त्याआधीच, या पंधरा सेकंदांच्या वादात, तिसरा ज्युरर, जो मुलाला मृत्युदंड व्हावा म्हणून सगळ्यात हट्टाला पेटलाय, चिडून बोलून जातो की म्हातारा होता तो, अर्धा वेळ गोंधळलेला, त्याला कशाचीच खात्री कशी असणार! आणि एकदम गप्प होतो. आपल्याच प्रमुख साक्षीदाराला आपणच खाली ओढलं, हे त्याच्या ध्यानात येतं. ली जे. कॉबने तो क्षण असा केलाय की त्या दांडगट माणसाची कीव यावी.

म्हातारा खोटं का बोलेल? याचं उत्तर नववा ज्युरर देतो, जो स्वतः वयस्क आहे. त्याने साक्षीच्या वेळी त्या माणसाच्या कोटाची उसवलेली शिवण पाहिली होती. आयुष्यभर ज्याला कोणी विचारलं नाही, त्याचं म्हणणं आज पहिल्यांदा सगळे कान देऊन ऐकतायत. असा माणूस खोटं बोलत नाही. आपण पाहिलं असं त्याला स्वतःलाच पटत जातं. साक्षीदाराची पारख याहून बारीक केलेली मी कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही. साक्षीदार खोटारडा आहे असं दाखवणं सोपं असतं. तो प्रामाणिक असूनही चुकतोय हे दाखवणं कठीण, आणि प्रत्यक्ष कोर्टात बहुतेकदा तेच करावं लागतं.

शेवटचा खांब पाडतो तो चष्मा. तोवर फक्त चौथा ज्युरर पुराव्याला धरून ‘दोषी’वर ठाम उरलेला असतो, बाकीच्यांचा पूर्वग्रह, कंटाळा किंवा राग बोलत होता. तो दमून चष्मा काढतो आणि नाकाच्या दोन्ही बाजू चोळतो. नवव्या ज्युररला आठवतं, त्या बाईच्या नाकावरही असेच वळ होते. ती कोर्टात चष्मा न लावता आली होती, पण तो रोज लावत असणार. आणि खून पाहिला तेव्हा ती अंथरुणात होती. झोपताना चष्मा लावतं का कोणी? चौथा ज्युरर क्षणभर थांबतो आणि शांतपणे आपलं मत बदलतो.

हे सगळं घडत असताना कॅमेरा काय करतो हेही पाहण्यासारखं आहे. ल्युमेटने स्वतः लिहून ठेवलंय: चित्रपटाचा पहिला तिसरा भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून घेतला, मधला पातळीवरून, शेवटचा खालून, आणि भिंगं हळूहळू जास्त लांब पल्ल्याची वापरत नेली. त्यामुळे भिंती अंगावर येतात आणि शेवटी शेवटी डोक्यावरचं छतही दिसू लागतं. खोली तेवढीच असते, पण पाहणाऱ्याला ती आवळत चालल्यासारखी वाटते. कॅमेरा धरणारे बोरिस कॉफमन यांना ‘ऑन द वॉटरफ्रंट’साठी ऑस्कर मिळालेलं होतं.

आता या सिनेमावर प्रेम करणाऱ्यानेही मान्य करावी अशी गोष्ट. फोंडाचा चाकू कायद्याने चालला नसता. ज्यूरीने फक्त कोर्टात आलेल्या पुराव्यावर निर्णय द्यायचा असतो. बाहेर जाऊन स्वतः तपास करायचा, वस्तू आणायची, ती सरकारी वकिलाला न दाखवता इतर ज्युररांपुढे ठेवायची, हा गैरवर्तनाचा प्रकार. हे बाहेर कळलं असतं तर न्यायाधीशांनी बहुधा ती ज्यूरीच बरखास्त केली असती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांना या चित्रपटाने तरुणपणी कायद्याकडे ओढलं. पण खालच्या कोर्टात न्यायाधीश असताना त्या स्वतः ज्यूरीला सांगत की त्या सिनेमातल्यासारखं वागू नका, कारण त्यातले बरेच निष्कर्ष तर्कावर उभे आहेत. चष्म्याचंही तसंच. वळ चष्म्याचेच कशावरून, चष्मा वाचायचाच नसेल कशावरून? नकाशावरची पावलं मोजणं मात्र समोर आलेल्या पुराव्याचीच पडताळणी म्हणता येईल.

पण हे सगळं बाहेर कळलंच नसतं, आणि ज्यूरीच्या पद्धतीतला खरा पेच तिथे आहे. दीड तास आपण जे पाहिलं ते कुठेही नोंदलं जात नाही. कोर्टात परत जाऊन फोरमन ‘दोषी नाही’ म्हणतो आणि बारा जण घरी जातात. का नाही, हे त्यांना कोणी विचारत नाही. अकरा जणांनी पहिल्या पाच मिनिटांत फोंडाला गप्प बसवलं असतं, तरी बाहेर असाच एका ओळीचा निर्णय गेला असता, फक्त उलटा.

याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली आणि मग आहुजांचं घर गाठलं. बचाव असा, की झटापटीत गोळ्या सुटल्या. मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने ‘दोषी नाही’ म्हटलं. आपल्याकडे एकमताची सक्ती नव्हती, म्हणून आठ-एक हा निर्णय ठरला. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना तो पटण्याजोगा वाटला नाही. 1898 च्या फौजदारी संहितेच्या कलम 307 प्रमाणे त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं.

ज्यूरीने कारणं दिलेलीच नव्हती, तेव्हा उच्च न्यायालयाने तपासायचं काय? पुरावा नव्याने वाचावा लागला आणि न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेला उपदेशही. त्या उपदेशात दोष सापडले. एक महत्त्वाचा दोष पुराव्याच्या भाराबाबत होता: खून सिद्ध करायचा भार सरकार पक्षावर खरा, पण आरोपी ‘अपघात झाला’ असा अपवाद सांगत असेल तर तो दाखवण्याची जबाबदारी तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 105 नुसार त्याच्यावर येत होती, हे ज्यूरीला नीट सांगितलं गेलं नव्हतं. आणि इथेही एक छोटी वस्तू बोलली. आहुजा न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून आलेले होते आणि मृतदेहावर तो टॉवेल जागच्या जागी होता. जोराची झटापट झाली असती तर टॉवेल राहिला असता का? मार्च 1960 मध्ये उच्च न्यायालयाने नानावटींना जन्मठेप दिली, नोव्हेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 1964 मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली.

नानावटींमुळे भारतातली ज्यूरी गेली असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालातच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती. खटल्याने त्या शिफारशीला चेहरा दिला. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने जी मोहीम चालवली, तिने ज्यूरी कशी वाहवत जाऊ शकते याचा दाखला सगळ्यांच्या हाती ठेवला. 1 एप्रिल 1974 पासून नवी फौजदारी संहिता लागू झाली आणि तिच्यात ज्यूरी नव्हती. आज ज्यूरीची छटा उरली आहे ती पारशी विवाह न्यायालयात. तिथे न्यायाधीशांसोबत समाजातले पाच डेलिगेट बसतात.

याच ‘ब्लिट्झ’मध्ये सिनेमात येण्याआधी बरीच वर्षं व्यंगचित्रकार असलेल्या बासू चॅटर्जी यांनी 1986 मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ काढला. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चं हिंदी रूप. आठव्या ज्युररच्या जागी के. के. रैना, तिसऱ्याच्या जागी पंकज कपूर, आणि म्हाताऱ्या नवव्याच्या जागी तेव्हा ऐन तारुण्यात असलेले अन्नू कपूर. ज्यूरी जाऊन बारा वर्षं झालेल्या देशात बारा जणांची ज्यूरी बसते, आणि प्रेक्षक ते बिनतक्रार मान्य करतो. मला ते खटकत नाही. आपल्या एकट्या न्यायाधीशाच्या डोक्यात जे चालतं किंवा चालायला हवं, त्याला बारा तोंडं दिली की तो चित्रपट होतो.

आपल्या सत्र न्यायाधीशाला बारा जणांची सोबत नाही, पण लिहायचं बंधन आहे. निकालपत्रात मुद्दे, त्यावरचा निष्कर्ष आणि त्याची कारणं द्यावी लागतात. ते पत्र उच्च न्यायालयात ओळीओळीने तपासलं जातं. संशय किती पुरे, याचं मापही आपल्याकडे लिहिलेलं आहे. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1973 च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही बाजू सांगितल्या: आरोपी ‘कदाचित दोषी असेल’ आणि ‘दोषी असलाच पाहिजे’ यांच्यात मोठं अंतर आहे, ते पार केल्याशिवाय शिक्षा नाही, पण हरेक शंकाकुशंकेला वाजवी संशय मानून गुन्हेगार सोडत राहिलं तर लोकांचा न्यायावरचा विश्वास उडेल. फोंडाच्या खोलीत ही दोन्ही वाक्यं भिंतीवर लावण्यासारखी होती. आगगाडीचा हिशेब या मापाला उतरतो. नाकावरचे वळ, जसे आहेत तसे, उतरत नाहीत.

तो खटला पुण्याच्या किंवा नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला असता, आणि साक्ष देताना न्यायाधीशांनी स्वतः ते वळ पाहिले असते, तर त्यांना मनातल्या मनात तर्क करत बसण्याची गरज नव्हती. बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत विचारायचं राहिलं असलं, तरी न्यायाधीश साक्षीदाराला कोणताही प्रश्न कधीही विचारू शकतात. ही तरतूद 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 165 होती, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. बाई साक्ष देऊन निघून गेली असेल तरी खटला संपेपर्यंत तिला परत बोलावता येतं. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिला साधे तीन-चार प्रश्न विचारायचे: चष्मा लावता का? जवळचा की लांबचा? नंबर किती? त्या रात्री खिडकीकडे पाहिलं तेव्हा तो डोळ्यांवर होता का? तिचं उत्तर साक्षीत नोंदलं जाईल, त्यावर कोर्टाच्या परवानगीने दोन्ही बाजूंना उलटतपासणी घेता येईल, हवं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना साक्षीला बोलावता येईल. ती लांबचा चष्मा लावत असेल आणि त्या रात्री तो नव्हता असं म्हणाली, तर न्यायाधीश निकालपत्रात तेच कारण म्हणून लिहितील. वाचायचा चष्मा आहे म्हणाली, तर तिची साक्ष पहिल्यापेक्षा पक्की होईल, आणि मग म्हातारा आणि आगगाडी यांचा हिशेब नव्याने करावा लागेल.